सरपटणारे प्राणी आणि सस्तन प्राण्यांचे परजीवी रोग: साठा नेमका कुणाकडे?

अनुस्वार

पाल, सरडा, साप किंवा घोरपड यांच्या अंगात एखाद्या रोगाचा परजीवी सापडला की बातमी एकाच साच्यातली येते: 'या प्राण्यापासून माणसाला धोका!' मी परजीवींच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे अशा बातम्यांमागचे मूळ निबंध वाचणं हा रोजच्या कामाचा भाग आहे. निबंधात बहुतेक वेळा एवढंच असतं की काही प्राण्यांच्या रक्तात अमुक परजीवीचा डीएनए मिळाला, त्यांची भूमिका तपासायला हवी. बातमीत हे 'तपासायला हवी' गळून पडतं आणि तो प्राणी थेट रोगाचा साठा ठरतो. त्यात प्राणी मारले जातात आणि खरा साठा जिथे असतो तिकडे लक्षच जात नाही. म्हणून हा धागा.

साठा कशाला म्हणायचं याची नीट मांडणी हेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये केली. एक समूह असो किंवा एकमेकांशी जोडलेले अनेक समूह असोत, रोगजंतू तिथे कायमचा टिकून राहिला पाहिजे, आणि ज्या समूहाची आपल्याला काळजी आहे त्याच्यापर्यंत तो तिथूनच पोचला पाहिजे. टिकणं आणि पोचणं, दोन्ही हवं.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे. अल्जीरियातल्या बिस्क्रा गावात लोकांच्या त्वचेवर बरेच महिने न भरणारा फोड व्हायचा. तो लेश्मानिया या एकपेशीय परजीवीमुळे होतो हे तोवर कळलेलं होतं. १९१४ मध्ये एदमाँ आणि एतिएन सेर्जां या भावांनी दोन सहकाऱ्यांसोबत एक निबंध लिहिला. त्यात दोन अंदाज होते: हा रोग वालुमाशी पसरवते, आणि परजीवीचा साठा भिंतीवरच्या पालीत आहे. पालीच्या रक्ताचं कल्चर केल्यावर, म्हणजे त्यातले जीव प्रयोगशाळेत वाढवल्यावर, त्यांना लेश्मानियासारखेच शेपूटवाले जीव दिसले होते. वालुमाश्या पालीचंही रक्त पितात आणि माणसाचंही, त्यामुळे तर्क अगदी सरळ होता.

१९२१ मध्ये पहिला अंदाज खरा ठरला. बिस्क्रात पकडलेल्या वालुमाश्या अल्जीयर्सला नेल्या, चिरडून माणसाच्या खरवडलेल्या त्वचेवर लावल्या, आणि फोड उठला. दुसरा अंदाज मात्र टिकला नाही. त्या पट्ट्यात फोड आणणाऱ्या लेश्मानिया मेजरचा साठा पुढे बिळांत राहणाऱ्या वाळवंटी उंदरांमध्ये सापडला. पालीतला जीव निघाला त्याचा चुलतभाऊ, लेश्मानिया टॅरेंटोली. कल्चरच्या थेंबात दोघे सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवले तर नुसतं पाहून फरक सांगणं अवघड जातं: तसंच लांबट, टोकदार शरीर, पुढच्या टोकाला तसंच वळवळणारं शेपूट, आणि तशीच एका जागी फिरत पुढे सरकायची लकब. मी रोज पाहतो, तरी जात ठरवायला डीएनए लागतोच.

सरड्या-पालींतल्या या लेश्मानियांचा एक स्वतंत्र उपगट मानतात. जनुकीय वंशवृक्षावरून असं दिसतं की त्यांचे पूर्वज सस्तन प्राण्यांतच होते, नंतर ते सरपटणाऱ्यांकडे वळले. वळताना काही गोष्टी मागे सुटल्या: सस्तन प्राण्याच्या पेशीत राहताना लागणारी बरीच जनुकं टॅरेंटोलीत नाहीत. म्हणूनच तो प्रयोगशाळेत बिनधास्त वाढवता येतो आणि हवी ती प्रथिनं बनवून घ्यायला वापरला जातो.

ज्यांचं या विषयात वाचन किंवा काम आहे त्यांनी जरूर लिहा.

कुतूहल

छान धागा. एक शंका. डीएनए सापडला म्हणजे परजीवी त्या प्राण्याच्या अंगात आला होता, एवढं तरी नक्की ना? चीनच्या वायव्य भागातल्या सरड्यांमध्ये लेश्मानिया ट्रॉपिका आणि डोनोवानी यांचा डीएनए मिळाल्याचं मी वाचलं आहे. या तर माणसाला आजारी पाडणाऱ्या जाती आहेत. तिथे चुलतभावाचं उत्तर लागू पडत नाही.

अनुस्वार

कुतूहल, आला होता हे नक्की. पण त्याच्या पुढचं काहीच त्यातून कळत नाही. माशीने रक्त पिताना सोडलेले काही जीव दोनेक दिवसांत मरून गेले असतील, तरी पीसीआर त्यांचा डीएनए पकडते. म्हणून पुढची पायरी कल्चरची, म्हणजे जीव जिवंत आहे का ते पाहायचं. मग ऊतकात तो वाढतोय का, की नुसता अडकून पडलाय. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो पुन्हा माशीच्या पोटात जाऊ शकतो का.

हे शेवटचं तपासायची रीत फार जुनी आणि फार विश्वासाची आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, संसर्ग नसलेल्या माश्या त्या प्राण्याला चावू द्यायच्या आणि काही दिवसांनी त्यांची आतडी उघडून पाहायची. हिला झेनोडायग्नोसिस म्हणतात. लेश्मानियामुळेच होणाऱ्या काळ्या आजारात तिचा मोठा उपयोग झाला. भारतीय उपखंडात काळा आजार वालुमाशीमार्फत माणसाकडून माणसाकडेच जातो. पण आजार बरा झाल्यावर ज्यांच्या त्वचेवर डाग उठतात, त्यांच्याकडून माशीला संसर्ग होतो का, हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता. बांगलादेशात माश्या चावू देऊनच तो सुटला, आणि उत्तर 'होतो' असं आलं. अशा रुग्णांवर उपचार का करायचे याचं ठोस कारण त्यातून मिळालं. सरड्यांवर असं काम फार थोडं झालंय.

नुसत्या डीएनएने फसगत कशी होते याचं आणखी एक उदाहरण देतो. पाळीव सापांच्या विष्ठेत क्रिप्टोस्पोरिडियम पार्व्हम मिळतो. हा वासरांना आणि माणसांना हगवण लावणारा परजीवी. पण सापाला खायला दिलेल्या उंदरात तो आधीच असतो आणि सापाच्या आतड्यातून तसाच बाहेर पडतो, गाडीत बसलेला प्रवासी पुढच्या स्थानकावर उतरावा तसा. पार्व्हमचा संसर्ग मुद्दाम सरपटणाऱ्यांना लावून पाहिला तेव्हा तो लागला नाही. सापाच्या जठराचा खरा शत्रू क्रिप्टोस्पोरिडियम सर्पेंटिस, आणि तो सस्तन प्राण्यांच्या वाटेला जात नाही.

दवबिंदू

वाचतेय. मला यातलं फारसं कळत नाही, पण आमच्या घरी एक छोटं कासव आहे आणि धाकटी मुलगी चार वर्षांची. ती त्याला हातात घेते. डॉक्टरांनी सांगितलं, 'साल्मोनेलाची काळजी घ्या.' हा त्यातलाच प्रकार का?

गुरांचा_वैद्य

दवबिंदू ताई, साल्मोनेला हा जिवाणू आहे, धाग्याच्या अर्थाने परजीवी नाही. पण तुमच्या घरापुरतं बोलायचं तर वरच्या सगळ्या परजीवींपेक्षा त्याचीच काळजी जास्त घ्यायला हवी. कासव पूर्ण निरोगी दिसतं आणि विष्ठेतून साल्मोनेला टाकत राहतं. अमेरिकेत लहान मुलं यातून आजारी पडू लागल्यावर १९७५ मध्ये चार इंचांहून लहान पाठीची कासवं विकायला बंदी घातली, कारण तेवढंच कासव मूल तोंडाजवळ नेऊ शकतं. कासवाला हात लावला की लगेच साबणाने हात धुवायचे, त्याचं पाणी स्वयंपाकघरातल्या मोरीत ओतायचं नाही, आणि मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत तिला ते हाताळू न दिलेलं बरं.

आता अनुस्वार यांच्या मुद्द्याकडे येतो. मांडणी पटली, पण ती सगळी माशीभोवती फिरतेय. मी जनावरांचा डॉक्टर आहे आणि माझ्याकडे येणारी प्रकरणं तोंडावाटे येतात. मांजर पाल खातं, कुत्रं सरडा खातं, कधी माणूसही खातो. या वाटेने सरपटणाऱ्यांची भूमिका अजिबात संशयास्पद नाही, ती पक्की आहे.

मांजरांच्या यकृतातल्या पर्णकृमीचं बघा, प्लॅटिनोसोमम. उष्ण प्रदेशांत सर्रास आढळतो. अंडी मांजराच्या विष्ठेतून पडतात, ती जमिनीवरच्या गोगलगायीत जातात, तिथून दगडाखाली ओलाव्यात राहणाऱ्या बहुपायी कवचधारी किड्यांत, त्यांना पाल खाते आणि पालीला मांजर. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत लोक याला सरळ 'पालीची विषबाधा' म्हणत आले, पण यात विष कुठलंच नाही. पित्तनलिकेत कृमी साचतात आणि पित्त अडतं, एवढाच प्रकार. मांजर आठवडाभर खायचं सोडतं, उलट्या करतं, मग मालक घेऊन येतो. ओठ उचलून हिरडी पाहिली तर हळदीसारखी पिवळी. कानाच्या आतली त्वचाही पिवळी. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड दिसते आणि नलिका वेड्यावाकड्या फुगलेल्या. विष्ठेत अंडी मिळाली तर खात्री पटते, पण नलिका पूर्ण बुजली असेल तर अंडी बाहेर पडतच नाहीत. त्यामुळे तपासणी निर्दोष आली म्हणून मांजर सोडून द्यायचं नसतं. लवकर आलं तर प्राझिक्वान्टेलने चांगलं सुधारतं.

काही संशोधक म्हणतात की पाल इथे परजीवीच्या वाढीसाठी आवश्यक नाही, किड्यातली अळी ती फक्त वाहून आणते. असेल तसं. पण मांजर दगडाखालचे किडे शोधत फिरत नाही, ते पालीच्या मागे धावतं. वाहून आणणाराच नसता तर मांजरापर्यंत कोण पोचलं असतं?

माळरान

मी साप सोडवायचं काम करतो. गुरांचा_वैद्य यांनी खाण्याची वाट सांगितली ते बरं केलं. सापातल्या जिभेसारख्या दिसणाऱ्या कृमींविषयी कुणी लिहील का? मेलेल्या अजगराचं फुप्फुस उघडलेलं पाहिलंय. आत पांढुरके, कडी-कडी असलेले, स्प्रिंगसारखे जीव चिकटलेले होते. साप हाताळणाऱ्याला त्यापासून काय धोका आहे?

अनुस्वार

माळरान, ते आर्मिलिफर असावेत, वर्णनावरून तरी. पेंटास्टोमिड गटातले. दिसतात कृमीसारखे, पण ते कृमी नव्हेतच, खेकडे-झिंग्यांच्या कवचधारी कुळातले आहेत. माशांच्या अंगाला चिकटणारी जी 'माशांची ऊ' असते, तिचे जवळचे नातलग. यांच्या बाबतीत साप हा निखळ साठा आहे. प्रौढ जीव सापाच्या श्वसनमार्गात राहतो, रक्त पितो, आणि त्याची अंडी सापाच्या लाळेतून आणि विष्ठेतून बाहेर पडतात. ती उंदरांच्या पोटात जातात, अळी त्यांच्या अवयवांत गुंडाळी करून बसते, तो उंदीर साप खातो आणि चक्र पूर्ण होतं.

माणूस उंदराच्या जागी अपघाताने येतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत आर्मिलिफर आर्मिलॅटसच्या नोंदी पुष्कळ आहेत. बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. वेगळ्याच कारणासाठी पोटाचा एक्स-रे काढला की त्यात चुना साठलेले इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचे ठिपके दिसतात, ते मेलेल्या अळ्यांचे असतात. अळ्या फार असल्या किंवा डोळ्यात गेल्या तर मात्र प्रकरण गंभीर होतं. संसर्ग अंडी तोंडात गेल्यानेच होतो: कच्चं किंवा अर्धवट शिजवलेलं सापाचं मांस, सापाच्या विष्ठेने किंवा लाळेने खराब झालेलं पाणी, किंवा साप हाताळून न धुतलेले हात. तुमच्या कामात हातमोजे आणि नंतर साबण एवढं पुरेसं आहे. मेलेला साप उघडताना चष्मा आणि मास्कही लावा.

माळरान

आभारी आहे. विचारायचं कारण असं की धोक्याची बातमी आली की पुढच्या आठवड्यात साप मारल्याचे फोन वाढतात. ऑस्ट्रेलियातल्या बाईच्या मेंदूतून जिवंत कृमी काढल्याची बातमी आली होती तेव्हाही अजगरांवर राग निघाला. त्या प्रकरणात खरोखर काय झालं होतं?

अनुस्वार

ते प्रकरण निबंधाच्या रूपात प्रसिद्ध झालंय, २०२३ मध्ये. जून २०२२ मध्ये कॅनबेरात ६४ वर्षांच्या एका महिलेच्या मेंदूतून सुमारे ८ सेंटिमीटर लांबीची जिवंत, लालसर अळी काढली. ओफिडास्कॅरिस रॉबर्ट्सी नावाचा गोलकृमी. प्रौढ कृमी त्या भागातल्या कार्पेट अजगराच्या अन्ननलिकेत आणि जठरात राहतो, अंडी विष्ठेतून पडतात, उंदीर आणि छोटे शिशुधानी प्राणी ती गिळतात. ही महिला तळ्याकाठची रानभाजी गोळा करून आणायची, तिथे अजगरांचा वावर होता. भाजीवरची किंवा हाताला लागलेली अंडी पोटात गेली असावीत असा डॉक्टरांचा निष्कर्ष आहे. आधी पोटदुखी, जुलाब, कोरडा खोकला, रात्रीचा घाम, मग फुप्फुस आणि यकृतात डाग, रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या. त्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली गेली. पुढे विसराळूपणा आणि नैराश्य वाढलं म्हणून मेंदूचा एमआरआय काढला आणि मग शस्त्रक्रिया झाली. या कृमीचा माणसातला तो पहिलाच नोंदलेला संसर्ग.

इथे साठा अजगरच, त्यात वाद नाही. पण अजगराला हात लावून हे झालं नाही, अजगर जवळपास असण्यानेही नाही. रानभाजी नीट धुणं आणि शिजवणं हाच उपाय, आणि तो अजगर मारून साधत नाही.

खडूफळा

शाळेत जीवशास्त्र शिकवतो. मुलं हमखास विचारतात: साप थंड रक्ताचा, आपण गरम रक्ताचे, मग एकच जंतू दोघांत कसा जगेल? मी सांगतो की बहुतेक जगत नाहीत. पण मगरीच्या मांसातून होणाऱ्या ट्रिकिनेलाबद्दल ऐकलंय. ते कसं जमतं?

गुरांचा_वैद्य

खडूफळा सर, मुलांचा प्रश्न मुद्द्यालाच हात घालणारा आहे. ट्रिकिनेला म्हणजे स्नायूंत राहणारा बारीक गोलकृमी, डुकराच्या कच्च्या मांसातून माणसाला होणारा प्रसिद्ध आजार. त्याच्या बहुतेक जाती सस्तन प्राण्यांच्याच. निसर्गात सरपटणाऱ्यांत सापडलेल्या जाती दोन. ट्रिकिनेला झिम्बाब्वेन्सिस १९९५ मध्ये झिम्बाब्वेतल्या पाळीव नाईल मगरींत आढळली आणि २००२ मध्ये तिला नाव मिळालं. तिथे कत्तल झालेल्या मगरींचं उरलेलं मांस दुसऱ्या मगरींना घालत, त्यामुळे ती फार्ममध्ये फिरत राहिली. दुसरी ट्रिकिनेला पापुए, पापुआ न्यू गिनीतली, रानडुकरात आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरीत. या दोन्ही जाती स्नायूत स्वतःभोवती कवच बांधत नाहीत, आणि दोन्ही थंड व गरम अशा दोन्ही शरीरांत चक्र पूर्ण करतात.

झिम्बाब्वेन्सिस दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर उद्यानातल्या सिंहातही सापडली आहे. म्हणजे मगर ते मांसाहारी सस्तन प्राणी ही वाट निसर्गात चालू आहे. पापुएचं तर माणसापर्यंत पोचणं झालेलं आहे: थायलंडमध्ये रानडुकराच्या मांसातून, आणि २००८ मध्ये तैवानमध्ये कच्चं मऊ पाठीचं कासव खाल्लेल्यांना झालेल्या आजारात तीच जात असल्याचं तपासात दिसलं.

सर, मुलांना हेही सांगा की सरपटणाऱ्यांचं तापमान नेहमी थंड नसतं. उन्हात शेकणारा सरडा पस्तीस अंशांच्या वर सहज जातो. पण त्याचं तापमान दिवसभरात खाली-वर होत राहतं, आणि परजीवीला ते सगळं सोसायला लागतं.

निशाचर

उलट बाजूही नोंदवतो. सरडा रोग कमीही करतो. कॅलिफोर्नियात लाइम रोगाचा बोरेलिया (जिवाणूच, पण गोचिडातून येणारा) तिथल्या कुंपणसरड्याच्या रक्तात टिकत नाही. १९९८ मध्ये लेन आणि क्विस्टॅड यांनी दाखवलं की बोरेलिया असलेलं गोचिडाचं पिल्लू या सरड्याला चावलं की त्याच्या रक्तातली प्रथिनं गोचिडाच्या पोटातले जंतू मारून टाकतात. गोचीड स्वच्छ होऊन पुढच्या अवस्थेत जातो. म्हणजे सरडे वाचवले की लाइम कमी, इतकं सरळ गणित.

अनुस्वार

निशाचर, तुम्ही सांगितलेली प्रक्रिया पक्की आहे, पण गणित इतकं सरळ निघालं नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही भागांतून सरडे मुद्दाम काढून टाकले. अपेक्षा अशी की गोचीड जंतू टिकवणाऱ्या उंदरांकडे वळतील आणि जंतू असलेले गोचीड वाढतील. घडलं उलटं. बऱ्याच पिल्लांना दुसरा यजमानच मिळाला नाही आणि एकूण गोचीड घटले. सरडा जंतू मारतो हे खरं आणि गोचिडांना जेवू घालतो हेही खरं. युरोपात तर बोरेलिया लुसिटानी नावाच्या जातीचा साठाच सरडे आहेत. एकाच प्रकारचा प्राणी एका खंडात जंतू संपवतो, दुसऱ्या खंडात सांभाळतो. सरपटणाऱ्यांबद्दल सरसकट विधान करायला मी कचरतो, ते यामुळेच.

कुतूहल

मग आफ्रिकेतल्या झोपेच्या आजाराचं काय? तो पसरवणारी त्से त्से माशी घोरपडीचं रक्त आवडीने पिते असं वाचलंय.

अनुस्वार

पिते, आणि काही जाती बऱ्याच प्रमाणात. व्हिक्टोरिया सरोवराकाठी ग्लोसिना फुस्किपेस या माशीच्या पोटातलं रक्त तपासलं की नाईल घोरपडीचं रक्त वारंवार मिळतं. १९९९ मध्ये केनियातल्या झोपेच्या आजाराच्या पट्ट्यातल्या घोरपडींत या आजाराचा परजीवी ट्रायपॅनोसोमा ब्रुसाई असल्याचं प्रसिद्ध झालं. पण शेजारच्या युगांडात साथीचा माग काढला तेव्हा तो गुरांकडे गेला. १९९८ च्या शेवटी सोरोटी जिल्ह्यात साथ उद्भवली, तिचा संबंध बाधित भागातून बाजारात आणलेल्या जनावरांशी लागला. गुरांना औषध द्यायचं धोरण त्यातून आलं. घोरपडी जागच्या हलल्या नव्हत्या.

मगरीतला ट्रायपॅनोसोमा ग्रेई मात्र घोरपड-गुरांच्या भानगडीत नसतो. मगर त्से त्से माशी तोंडाने गिळते आणि संसर्ग होतो, तो तिथल्या तिथे फिरतो. अशीच नोंद चिलीतल्या सरड्यांची: त्यांच्यात दक्षिण अमेरिकेतल्या शागास रोगाचा परजीवी ट्रायपॅनोसोमा क्रूझी मिळाला, तो पसरवणारे तिथले ढेकणासारखे किडे सरड्यांचंही रक्त पितात, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. क्रूझी शंभराहून अधिक सस्तन प्राण्यांत राहतो, त्यामुळे सरड्यांचा वाटा किती हे वेगळं मोजावं लागेल.

गुरांचा_वैद्य

इथे मी थोडा असहमत आहे. 'सिद्ध झालं नाही' हे वाक्य शास्त्रज्ञाच्या तोंडी ठीक, पण नियंत्रण करणाऱ्याला तेवढं थांबता येत नाही. तुम्ही ज्या २००२ च्या व्याख्येचा आधार घेता, तिच्यातच 'एकमेकांशी जोडलेले अनेक समूह' हे शब्द आहेत. घोरपड एकटी परजीवी टिकवू शकत नसेल, पण गुरांना औषध दिल्यावर माशी घोरपडीवर पोट भरून जिवंत राहत असेल, आणि थोडा जरी संसर्ग तिथे उरत असेल, तर आजार परत येतो. साठा ही साखळी असते. एका कडीची परीक्षा घेऊन ती नापास झाली म्हणून साखळीतून काढून टाकता येत नाही.

अनुस्वार

हे मान्य, आणि माश्या कुणाचं रक्त पिऊन टिकतात हा स्वतंत्र प्रश्न आहेच. घोरपड परजीवी न देताही माशी जगवते. म्हणून मी घोरपडीचं रक्त तपासू नका असं म्हणत नाही, उलट जास्त तपासा असंच म्हणतोय. माझा आक्षेप डीएनए मिळाल्यावर तिथेच थांबण्याला आहे. केनियातल्या माणसांत खुद्द सरड्याच्या लेश्मानियाची चाचणी १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. लेश्मानिया अडलेरी, लांब शेपटीच्या सरड्यातला. माणसात टोचल्यावर संसर्ग झाला पण आपोआप विरला. म्हणजे 'होतच नाही' असं नव्हे, 'होतो पण पुढे जात नाही'. एवढं स्पष्ट उत्तर माणसात उतरल्यावरच मिळालं, नुसत्या रक्ततपासणीतून मिळालं नसतं. आजच्या काळात तसा प्रयोग कुणी करणार नाही आणि करूही नये, पण माशी चावू देऊन सरडा तपासणं शक्य आहे.

दवबिंदू

कासवाची जागा बदलली, आणि मुलीला समजावलं की ते फक्त बघायचं. ती रोज त्याला 'नमस्कार' करते आता लांबून. एक विचारते, मांजर घरात असलेल्यांनी पालींना हाकलावं का?

गुरांचा_वैद्य

हाकलू नका, ताई, त्या डास आणि किडे खातात. मांजर बाहेर हिंडत असेल आणि तुमचा भाग उष्ण असेल तर वर्षातून एकदा विष्ठा तपासून घ्या आणि जंताच्या औषधाबद्दल डॉक्टरांना 'हे पाली खातं' असं आवर्जून सांगा. नेहमीचं जंताचं औषध सगळ्या कृमींवर चालत नाही, पर्णकृमीसाठी वेगळं लागतं. कुत्र्याच्या बाबतीत मेसोसेस्टॉइडिस लक्षात ठेवावा. त्याची अळी सरडे आणि सापांत असते, ते खाल्ल्यावर आतड्यात पट्टकृमी होतो, आणि कधी अळ्याच पोटाच्या पोकळीत पसरून पाणी भरतं. दुर्मीळ आहे, पण पोट फुगलेल्या कुत्र्यात मी तो मनात ठेवतो.

सापांचं म्हणाल तर स्पायरोमेट्राही आहेच. मांजर-कुत्र्याच्या आतड्यातला पट्टकृमी, अळी बेडकांत आणि सापांत. माणसाच्या कातडीखाली किंवा डोळ्यात गेली तर गाठ येते. पॅट्रिक मॅन्सन यांनी ती पहिल्यांदा १८८२ मध्ये चीनमधल्या अमॉय इथे शवविच्छेदनात पाहिली. कच्चं मांस, न उकळलेलं पाणी, आणि डोळ्यावर किंवा जखमेवर बेडूक-सापाचं कच्चं मांस बांधणं, या तीन वाटा.

माळरान

अनुस्वार, रस्त्यावर गाडीखाली मेलेले साप मला वरचेवर मिळतात. नमुने ठेवायचे असतील तर कशात ठेवू? माझ्याकडे फॉर्मलिन आहे.

अनुस्वार

डीएनए काढायचा असेल तर फॉर्मलिन टाळा, त्यात डीएनए तुटतो. यकृत, प्लीहा आणि फुप्फुसाचा हरभऱ्याएवढा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, तुकड्याच्या किमान पाचपट द्रव, आणि पहिल्या दिवसानंतर एकदा अल्कोहोल बदला, नाहीतर ऊतकातलं पाणी ते पातळ करतं. आख्खे कृमी असतील तर आधी कोमट पाण्यात सैल पडू द्या, मग काही ७० टक्के अल्कोहोलमध्ये आकार पाहण्यासाठी आणि काही ९५ मध्ये डीएनएसाठी. ओल्या फुप्फुसातून काढलेला जीव सरळ तीव्र अल्कोहोलमध्ये टाकला तर आक्रसतो आणि तोंडाभोवतीचे हुक नीट पाहता येत नाहीत, पेंटास्टोमिडमध्ये जात ठरवायला ते लागतात. कुपीच्या आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका, शाई विरघळते: सापाची जात, जागा, तारीख, कुठल्या अवयवातून. साप संरक्षित असेल तर मेलेल्याचंही काही घ्यायला आधी वनखात्याची लेखी परवानगी लागते, ती काढून ठेवा. मिळाली की मला व्यक्तिगत निरोप पाठवा, कुपी कशी पाठवायची ते तिथे सांगतो.